एकच कमांड, वेगवेगळी उत्तरे

‘विष्णुपुरी’ या शब्दात अक्षरे किती, हा प्रश्न लिनक्सच्या टर्मिनलवर विचारला, तर एका वापरकर्त्याला १० हे उत्तर मिळते आणि त्याच सर्व्हरवर लॉगिन केलेल्या दुसऱ्याला ३०. कमांड तीच, ‘डब्ल्यूसी’. पर्याय तोच, ‘एम’. शब्दही तोच आणि ओळ संपल्याची खूण दोघांनीही जोडलेली नाही. मराठी वाचणारा माणूस वि, ष्णु, पु, री अशी चारच अक्षरे मोजतो, त्यामुळे त्याला दोन्ही उत्तरे चुकलेली वाटतात. खरे तर चुकलेले एकही नाही. युनिकोडमध्ये हा शब्द व, पहिली वेलांटी, ष, पाय मोडल्याची खूण, ण, पहिला उकार, प, पहिला उकार, र आणि दुसरी वेलांटी अशा दहा संकेतांनी लिहिला जातो. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो, म्हणून एकूण बाइट तीस. पहिल्या वापरकर्त्याच्या खात्यात ‘मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे’ अशी नोंद होती, दुसऱ्याच्या खात्यात ती नव्हती. दोघांच्या उत्तरांतला सगळा फरक त्या एका नोंदीचा आहे.

नांदेड शहरालगत गोदावरीकाठच्या विष्णुपुरीत १९८१ पासून श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे आणि जवळच १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा परिसर आहे. अशा ठिकाणी संगणक शिकणाऱ्यांपुढे हा प्रश्न पहिल्याच वर्षी येतो. फळ्यावरची कमांड जशीच्या तशी टंकली, तरी शेजारच्या पडद्यावर दिसते ते आपल्या पडद्यावर दिसत नाही. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पामुळे लिनक्सचे प्राथमिक धडे मराठीतून ऐकता येतात. पण धड्यातले आउटपुट आणि स्वतःचे आउटपुट जुळले नाही की नवखा विद्यार्थी टंकण्यातली चूक शोधत बसतो. चूक बहुतेक वेळा टंकण्यात नसतेच. (कमांडची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, प्रत्यक्षात ती रोमन लिपीत टंकायची असतात.)

शेल हा वापरकर्ता आणि संगणक यांच्यामधला प्रोग्राम. टंकलेली ओळ वाचून कोणता प्रोग्राम चालवायचा हे तो ठरवतो आणि चालवताना त्या प्रोग्रामच्या हाती नावे व मूल्ये यांची एक यादी देतो. या यादीला ‘एन्व्हायर्नमेंट’ म्हणतात. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत बोर्न शेलबरोबर ही पद्धत आली आणि ती आजही तशीच चालू आहे. प्रत्येक प्रोग्रामला आपल्या जनकाकडून यादीची प्रत मिळते. त्याने स्वतःच्या प्रतीत बदल केले, तरी ते जनकापर्यंत पोहोचत नाहीत. यादीत घरची डिरेक्टरी असते, प्रोग्राम कुठे शोधायचे हे असते, भाषा असते, वेळेचा पट्टा असतो. प्रोग्राम यांतले काय वाचेल हे तो कमांडच्या ओळीत सांगत नाही. म्हणूनच ओळीकडे कितीही वेळ टक लावून पाहिले, तरी तिथे काही सापडत नाही.

यादी वेगळी का होते, याचे उत्तर सुरुवातीच्या फायलींत आहे. बॅश शेल लॉगिन म्हणून सुरू झाला, तर आधी सर्वांसाठीची ‘प्रोफाइल’ फाइल वाचतो आणि मग घरच्या डिरेक्टरीतली ‘बॅश-प्रोफाइल’ किंवा ‘प्रोफाइल’. टर्मिनलची नवी खिडकी उघडून सुरू झालेला, पण लॉगिन नसलेला बॅश ‘बॅश-आरसी’ वाचतो. स्क्रिप्ट चालवणारा बॅश यांतले सहसा काहीच वाचत नाही. त्यामुळे फरक दोन माणसांतच पडतो असे नाही. एकाच माणसाच्या दोन खिडक्यांतही पडतो. कुणी वर्षभरापूर्वी एखादे सॉफ्टवेअर बसवताना सूचनेबरहुकूम ‘बॅश-आरसी’त एक ओळ घातलेली असते. माणूस ती विसरतो, शेल मात्र दर वेळी न चुकता वाचतो.

तपासाचा पहिला प्रश्न हाच, की प्रत्यक्षात चालले कोण? ‘एलएस’ टंकले म्हणजे ‘एलएस’ नावाची फाइल चालली असे गृहीत धरता येत नाही. शेल आधी पाहतो की या नावाचा अलियास, म्हणजे टोपणनाव, आहे का. मग फंक्शन आहे का. मग शेलमध्येच अंतर्भूत कमांड आहे का. आणि शेवटी ‘पाथ’ या व्हेरिएबलमधल्या डिरेक्टऱ्या ओळीने धुंडाळतो. गावात एकाच नावाचे दोघे असले की ज्याचे घर आधी लागते तोच हाकेला ओ देतो, तसे पाथमध्ये जी डिरेक्टरी आधी, तिच्यातला प्रोग्राम चालतो. एकाने अ‍ॅनाकोंडा बसवले असेल तर त्याचा पायथन तिथून येतो, दुसऱ्याचा ऑपरेटिंग सिस्टीमबरोबर आलेला असतो; आवृत्त्या वेगळ्या, म्हणून उत्तरे वेगळी.

यासाठी बॅशमधली ‘टाइप’ ही कमांड ‘ए’ पर्यायासह वापरावी. त्या नावाचे जेवढे दावेदार आहेत तेवढे सगळे ती क्रमाने दाखवते. अनेक पुस्तकांत ‘विच’ वापरायला सांगितलेले असते. पण ‘विच’ हा बहुतेक ठिकाणी बाहेरचा प्रोग्राम आहे, तो फक्त पाथ पाहतो. शेलच्या पोटातले अलियास आणि फंक्शन त्याला दिसत नाहीत, म्हणून नेमक्या अडचणीच्या वेळी तो दिशाभूल करतो. आणखी एक बारकावा म्हणजे बॅश एकदा सापडलेला पत्ता लक्षात ठेवतो. नवी आवृत्ती दुसऱ्या डिरेक्टरीत बसवूनही जुनीच चालत असेल, तर ‘हॅश’ कमांडला ‘आर’ पर्याय देऊन ती आठवण पुसावी लागते.

नाव एक आणि प्रोग्राम दोन, ही स्थिती पाथ सारखा असला तरी येऊ शकते. उबुंटूमध्ये ‘ऑक’ म्हणजे मूळचा ‘मॉक’ असतो, फेडोरामध्ये ‘गॉक’. ‘विष्णुपुरी’ची लांबी विचारली, की बाइट मोजणारा मॉक ३० सांगतो आणि यूटीएफ-८ लोकेलमधला गॉक १०. ‘कट’ ही कमांड याहून फसवी आहे. तिच्या ‘सी’ पर्यायाचा अर्थ अक्षरे असा असला, तरी मूळ जीएनयू कटने दीर्घकाळ बाइटच मोजले. फेडोराने त्यात स्वतःची दुरुस्ती घातली. त्यामुळे या शब्दातली पहिली तीन अक्षरे मागितल्यावर उबुंटूवर ‘व’ येतो आणि फेडोरावर ‘विष’. चार मागितली तर उबुंटूवर ‘व’ नंतर वेलांटीचा एक तुटका बाइट पडतो आणि पडद्यावर प्रश्नचिन्हासारखी खूण दिसते. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेणाऱ्याला हा फरक कधीच दिसणार नाही, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एकच बाइट.

शेलचेही तसेच. ‘एसएच’ या नावामागे २००६ च्या ६.१० आवृत्तीपासून उबुंटूमध्ये ‘डॅश’ आहे, फेडोरात बॅश. डॅशचा ‘इको’ उलट्या तिरप्या रेघेनंतरच्या एनला नवी ओळ समजतो, बॅशचा इको तीच दोन चिन्हे जशीच्या तशी छापतो. या भांडणात पडण्याऐवजी ‘प्रिंटएफ’ वापरावा. तो दोन्हीकडे सारखा वागतो. अ‍ॅपलच्या संगणकांवर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून मूळचा शेल ‘झेड-शेल’ आहे आणि सेड, डेट यांसारख्या कमांड बीएसडी घराण्याच्या आहेत. त्यांचे पर्याय जीएनयूच्या पर्यायांशी सगळीकडे जुळत नाहीत.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी खरा कळीचा विषय लोकेल हा आहे. भाषा, लिपी, अकारविल्हे, तारीख आणि अंक यांचे संकेत एकत्र बांधलेल्या संचाला लोकेल म्हणतात. प्रोग्राम आधी ‘एलसी-ऑल’ पाहतो. ते रिकामे असेल तर त्या-त्या विषयाचे व्हेरिएबल, म्हणजे क्रमासाठी ‘एलसी-कोलेट’ किंवा अक्षरांसाठी ‘एलसी-सीटाइप’. आणि तेही नसेल तर ‘लँग’. काहीच ठरवलेले नसेल तर ‘सी’ नावाचे मूळ लोकेल लागू होते. त्यात बाइटपलीकडे काही नसते.

याचा सर्वांत उघड परिणाम ‘सॉर्ट’वर होतो. रोमन नावांची यादी ‘सी’ लोकेलमध्ये लावली, की मोठ्या लिपीतली सगळी नावे आधी आणि छोट्या लिपीतली नंतर येतात. भारतीय किंवा अमेरिकन इंग्रजी लोकेलमध्ये ती शब्दकोशाप्रमाणे मिसळतात. देवनागरीत प्रश्न अधिक खोल आहे. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल नंतर आणि व च्या आधी बसवलेला आहे, तर मराठी वर्णमालेत तो ह नंतर येतो. लातूर जिल्ह्यातला जळकोट तालुका आणि जवळा हे गावाचे सर्रास आढळणारे नाव घ्या. ‘सी’ लोकेलमध्ये जळकोट आधी येतो. वर्णमालेचा क्रम पाळणाऱ्या लोकेलमध्ये जवळा आधी येतो. क्ष चेही असेच आहे. संकेतांच्या हिशेबात तो क च्या पोटात, कौठा या नावाच्याही मागे आणि ख च्या आधी बसतो. मराठी शब्दकोशांत मात्र त्याला शेवटी जागा देण्याची परंपरा आहे. एखाद्या यंत्रावर कोणता क्रम लागू आहे हे ओळखायला जळकोट आणि जवळा ही दोन नावे सॉर्टला देऊन पाहणे पुरेसे आहे.

हा केवळ शिस्तीचा प्रश्न नाही. ‘जॉइन’ आणि ‘कॉम’ या कमांड दोन याद्या जुळवताना दोन्ही एकाच क्रमाने लावलेल्या आहेत असे धरून चालतात. गावांची एक यादी एकाने आपल्या खात्यात लावली, दुसरी दुसऱ्याने आपल्या, आणि दोन्हींचे लोकेल वेगळे असले, तर जुळणाऱ्या नोंदीही गळू शकतात. लाभार्थ्यांच्या किंवा विद्यार्थ्यांच्या यादीत गळालेली नोंद म्हणजे गळालेला माणूस असतो, म्हणून येथे हलगर्जी चालत नाही. क्रमाचे नियम आवृत्तीनुसारही बदलतात. लिनक्सच्या जीलिबसी या मूळ ग्रंथालयाची २.२८ ही आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये आली, तेव्हा क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. पोस्टग्रेस डेटाबेसमधले जुन्या क्रमाने बांधलेले निर्देशांक नव्या सर्व्हरवर चुकीची उत्तरे देऊ लागले आणि ते पुन्हा बांधावे लागले. लोकेलचे नाव तेच होते, आतला मजकूर बदलला होता.

दुसरा सापळा म्हणजे नुसते नाव लिहिलेले, पण यंत्रावर तयारच न केलेले लोकेल. वापरकर्ता लँगमध्ये मराठी लोकेलचे नाव टाकतो, पण प्रशासकाने ते त्या यंत्रावर निर्माण केलेले नसते. अशा वेळी बहुतेक प्रोग्राम तक्रार न करता ‘सी’ वर घसरतात. पर्ल मात्र इशारा देतो. यंत्रावर कोणती लोकेल खरोखर आहेत हे ‘लोकेल’ कमांडच्या ‘ए’ पर्यायाने कळते. एसएसएच वापरतानाही सावध राहावे. डेबियन आणि उबुंटूची मूळ मांडणी अशी आहे, की घरच्या लॅपटॉपचे लोकेल जोडणीबरोबर सर्व्हरकडे जाते. म्हणजे एकाच सर्व्हरवरच्या एकाच खात्यात नांदेडहून लॉगिन केले आणि नंतर दुसऱ्याच्या यंत्रावरून केले, तरी उत्तर बदलू शकते.

लोकेल बदलले की त्रुटींचे संदेश, वार आणि महिनेही त्या भाषेत येतात. ‘डेट’च्या आउटपुटमध्ये ‘मंडे’ शोधणारी स्क्रिप्ट ‘सोमवार’ आला की थांबते. इंग्रजी संदेशातला शब्द ग्रेपने पकडून निर्णय घेणारी स्क्रिप्ट तर मुळातच कच्ची समजावी. कमांड यशस्वी झाली की नाही हे तिच्या परतीच्या अंकावरून पाहायचे असते.

फायलींची नावे मराठीत असतील तर ‘सी’ लोकेलमधला ‘एलएस’ ती वाचू शकत नाही. जीएनयूच्या कोअरयूटिल्स संचाच्या ८.२५ या जानेवारी २०१६ मधल्या आवृत्तीपासून तो अशी नावे अवतरणचिन्हांत, अष्टमान अंकांच्या रूपात दाखवतो. ‘व’च्या जागी ३४०, २४४, २६५ असे तीन आकडे उमटतात. फाइल बिघडलेली नसते. नाव बदलण्याच्या किंवा ती पुसून टाकण्याच्या घाईत पडण्याआधी लोकेल तपासावे.

त्याच आवृत्तीपासून नावात मोकळी जागा असेल तरी एलएस ते अवतरणचिन्हांत दाखवतो, पण फक्त पडद्यावर. आउटपुट पाइपमधून दुसऱ्या कमांडकडे किंवा फाइलमध्ये गेले, की अवतरणचिन्हे नाहीशी होतात, रकान्यांची मांडणी जाऊन एका ओळीवर एक नाव येते आणि ‘ऑटो’ मांडणी असेल तर रंगही जातात. समोर टर्मिनल आहे की नाही हे प्रोग्राम स्वतः तपासतो. रंग ‘ऑटो’ऐवजी ‘ऑलवेज’ ठेवणाऱ्याच्या फाइलमध्ये रंगांचे अदृश्य संकेत शिरतात आणि पुढचा ग्रेप नाव डोळ्यांना दिसत असूनही ते सापडले नाही असे सांगतो. ग्रेपचे कायमचे पर्याय ठेवण्यासाठी एके काळी स्वतंत्र व्हेरिएबल होते. त्याने इतक्या स्क्रिप्ट बिघडवल्या, की २०१४ च्या २.२१ आवृत्तीत ते टाळण्याचा इशारा द्यावा लागला.

वेळेचा पट्टा ‘टीझेड’ या व्हेरिएबलमध्ये असतो. भाड्याने घेतलेले बरेच सर्व्हर जागतिक वेळेवर चालतात आणि भारत तिच्यापुढे साडेपाच तास आहे. त्यामुळे रात्री १२ ते पहाटे साडेपाच या काळात सर्व्हरची तारीख भारतातल्या तारखेपेक्षा एक दिवस मागे असते. १ जूनला पहाटे साडेतीनला लिहिलेली फाइल सर्व्हरच्या हिशेबात ३१ मेच्या रात्री दहाची असते. तारखेवरून फायलींना नावे देणारी स्क्रिप्ट पहाटे चालवली, तर महिनाच बदलतो. पट्टा ‘आशिया/कोलकाता’ अशा पूर्ण नावाने द्यावा, कारण ‘आयएसटी’ हा संक्षेप इस्रायल आणि आयर्लंडच्या वेळेलाही वापरतात.

स्क्रिप्ट हाताने चालवली तर चालते, ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या क्रॉनमध्ये घातली की चालत नाही, ही तक्रार या सगळ्याची बेरीज आहे. क्रॉन वापरकर्त्याच्या ‘बॅश-आरसी’कडे पाहत नाही. त्याचा शेल ‘एसएच’ असतो आणि पाथ सहसा दोनच डिरेक्टऱ्यांचा. ‘सुडो’ही मुद्दाम यादी पुसून नवी देतो आणि उबुंटूत पाथही स्वतःचा लावतो, ती सुरक्षेसाठी केलेली योग्य व्यवस्था आहे, दोष नव्हे. परवानग्यांमुळेही आकडे बदलतात. ‘डीयू’ किंवा ‘फाइंड’ ज्या डिरेक्टऱ्यांत शिरू शकत नाही त्या बेरजेत येत नाहीत, आणि त्रुटींचे संदेश फेकून देण्याची सवय असलेल्याला हे कळतही नाही.

तपास करताना अंदाज बांधण्यापेक्षा तुलना करावी. दोन्ही खात्यांत ‘एन्व्ह’ चालवून आउटपुट सॉर्ट करावे, फाइलमध्ये ठेवावे आणि ‘डिफ’ने दोन्ही फायली ताडून पाहाव्यात. सॉर्ट करताना दोन्हीकडे एलसी-ऑल ‘सी’ ठेवावे, नाहीतर तुलनेतच तो दोष शिरेल. या फायलींत पासवर्ड किंवा गुप्त किल्ल्या असू शकतात, म्हणून त्या कुणाला पाठवण्याआधी पाहून घ्याव्यात. अलियास आणि फंक्शन एन्व्हमध्ये सहसा दिसत नाहीत; त्यांच्यासाठी ‘अलियास’ आणि ‘टाइप’ वेगळे चालवावे. मग ‘एन्व्ह’ला ‘आय’ पर्याय देऊन रिकाम्या यादीसह, प्रोग्रामचा पूर्ण पत्ता लिहून तीच कमांड दोन्हीकडे चालवावी. उत्तरे जुळली तर दोष यादीत आहे, आणि एकेक व्हेरिएबल परत घालत गेले की तो हाती लागतो. जुळली नाहीत तर प्रोग्रामची आवृत्ती, परवानग्या किंवा फाइलच वेगळी आहे. सुरुवातीच्या फायलींवर संशय असेल तर बॅशला त्या न वाचता सुरू करण्याचे पर्याय आहेत.

मोठ्या संगणकांवर शेकडो संशोधक निरनिराळ्या आवृत्त्या वापरतात. सी-डॅकने बांधलेली आणि २०१९ मध्ये पुण्याच्या आयसरमध्ये उभी राहिलेली ‘परम ब्रह्म’ ही त्या वर्गातली यंत्रणा. अशा ठिकाणी १९९१ पासून रूढ झालेली ‘मॉड्यूल’ पद्धत वापरली जाते. कोणते सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती हे संशोधक नाव घेऊन मागतो आणि पाथसह इतर व्हेरिएबल त्याप्रमाणे बदलतात. मग प्रयोगाच्या नोंदीत मॉड्यूलची यादी लिहिली, की दुसऱ्यालाही तीच मांडणी करता येते.

लहान स्क्रिप्टसाठी एवढे करायची गरज नसते. पहिल्या ओळीत शेलचे नाव स्पष्ट द्यावे. त्याखाली पाथ, टीझेड आणि एलसी-ऑल स्वतः ठरवावे. इंग्रजी मार्गदर्शक येथे एलसी-ऑल ‘सी’ ठेवायला सांगतात. मराठी मजकुरासाठी तो सल्ला अपुरा आहे, कारण त्याने ‘विष्णुपुरी’चे पुन्हा तीस तुकडे होतात. त्याऐवजी ‘सी-यूटीएफ-८’ हे लोकेल घ्यावे. डेबियनमध्ये ते बऱ्याच काळापासून होते, आणि जीलिबसीच्या २.३५ आवृत्तीपासून, म्हणजे फेब्रुवारी २०२२ पासून, मूळ संचात आहे. त्यात क्रम युनिकोडच्या संकेतांप्रमाणे, सर्वत्र सारखा लागतो आणि अक्षरे मात्र अक्षरे म्हणून ओळखली जातात. याद्या जुळवणे, मोजणे, गाळणे ही सगळी कामे त्यातच करावीत. वर्णमालेचा क्रम फक्त अगदी शेवटी, माणसाने वाचायची यादी छापताना लावावा. त्या एका सॉर्टपुरते एलसी-ऑल मराठी लोकेलवर बदलावे आणि छापील प्रतीत जवळा जळकोटच्या आधी आला आहे ना, हे पाहून घ्यावे.